कुलपातली सायकल

सुनेनं भांडावं, उलट उत्तर द्यावं, पाय आपटत वर निघून जावं, यातलं काहीही बाईंना चाललं असतं. भांडणात बाई आजवर कुणाला कमी पडल्या नव्हत्या. पण धाकटीनं सध्या जे चालवलं होतं ते त्यांच्या उभ्या आयुष्यात कुणी केलं नव्हतं. तिनं आपल्या सायकलीला कुलूप घातलं होतं. बाहेर रस्त्यावर घातलं असतं तर एक वेळ समजलं असतं. हिनं घातलं ते घरात, स्वतःच्या झोपायच्या खोलीत, पलंगाच्या पायाला साखळी गुंडाळून. वर कामाला जाताना खोलीच्या दाराला आणखी एक.

"सायकल काय रात्रीची पळून जाणार आहे?" बाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"असू दे, आई. बरं असतं," धाकटी म्हणाली आणि किल्ली खिशात टाकली.

बरं असतं! हे काय उत्तर झालं? ज्या घरातल्या कपाटांच्या किल्ल्या कुठे आहेत हे कुणाला सांगता येत नाही, त्या घरात एका चिखलानं भरलेल्या डोंगरी सायकलीला दोन कुलपं. म्हणजे चोर घरातच आहे, असंच की नाही? आणि घरात माणसं किती? बाई, थोरला मुलगा, थोरली सून. धाकटा मुलगा तर तीन महिन्यांसाठी दुसऱ्या गावी कारखान्यात मशिनं बसवायला गेलेला. मग उरलं कोण? या तिघांतलं कोण ते बाईंना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. थोरला सायकलीकडे ढुंकून बघत नसे आणि थोरलीला तिचं हँडल कुठल्या बाजूला असतं तेही माहीत नव्हतं.

तीन आठवडे बाई हा घास गिळत होत्या आणि तो खाली उतरत नव्हता.

घर वर आणि खाली शिलाईचा कारखाना. दवाखान्याचे डगले, शाळांचे गणवेश, हॉटेलच्या पोऱ्यांपासून मॅनेजरपर्यंतचे सगळे कोट इथे शिवले जात. नवरा गेला तेव्हा एक पायमशीन होतं, आता विजेवरची नऊ होती. बाई शाळेत दुसरीच्या पुढे गेल्या नाहीत, पण कापडावर हात फिरवला की ते कुठल्या गिरणीतून आलंय आणि तिसऱ्या धुण्यानंतर किती आटेल हे सांगत. माणसांचंही तसंच, असं त्यांचं स्वतःचं मत होतं. आणि हे मत खोडायची हिंमत कारखान्यात कुणाची नव्हती.

"मी काही म्हणत नाही, आई," थोरली एका दुपारी काजं करता करता म्हणाली, "पण तिचा कोपर बघितलात?"

"तू काही म्हणत नाहीस तेव्हाच फार म्हणतेस. काय झालं कोपराला?"

"खपली आहे एवढी मोठी. मी विचारलं तर म्हणाली, दार लागलं."

बाईंनी तेव्हा हूं म्हटलं आणि विषय सोडला. म्हणजे थोरलीपुरता सोडला. संध्याकाळी त्यांनी वाळत घातलेल्या कपड्यांतून धाकटीचं जाकीट काढलं आणि उजेडात धरलं. माणसं थापा मारतात, फाटलेलं कापड मारत नाही. दार लागून फाटलं असतं तर एका जागी टोक अडकून कापड चिरलं असतं. इथे बाही कोपरापासून मनगटापर्यंत घासली गेली होती, धागे सगळे एका बाजूला ओढलेले, मधे बारीक काट्यांची भोकं. जो कुणी या बाहीत होता तो वेगानं जाऊन झुडपात पडला होता. आणि पडल्यावर घरी येऊन खोटं बोलला होता.

पडली तर पडली. आठवडाभर दवाखान्यात लोकांच्या हाडांचे फोटो काढायचे आणि रविवारी स्वतःची हाडं घेऊन डोंगरावर जायचं, हा तिचा शौक लग्नाआधीपासूनचा. त्याबद्दल बाईंनी काय बोलायचं ते पहिल्या महिन्यातच बोलून घेतलं होतं. "ही सायकल एक दिवस दरीत जाईल," असं त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या. पण लपवायचं कशासाठी? इथे कुठेतरी पाणी मुरत होतं.

मग शुक्रवारी जिन्यात त्यांनी तिचा फोन ऐकला. कान देऊन ऐकला असं म्हणणं बरोबर नाही. जिना त्यांचा, घर त्यांचं, आवाज वर येत होता तर त्या काय कानात बोळे घालणार?

"नाही, घरी कुणाला सांगितलेलं नाही," धाकटी हळू आवाजात म्हणत होती. "कागद तुझ्याकडेच राहू दे. रविवारी मी परत आले की फोन करीन. हो रे बाबा, सांभाळून. घरात भरवसा कुणाचा धरू? तूच सांग."

रे! बाबा!

बाईंच्या बोटात आयुष्यात दोनदा सुई घुसली होती. दोन्ही वेळा त्यांनी आवाज केला नव्हता. आताही केला नाही. पण त्या रात्री त्यांनी उशीवर डोकं ठेवून सगळा कपडा बेतला. नवरा परगावी. कसला तरी कागद. कुणीतरी पुरुष. आणि कुलूप अशासाठी, की खोलीत आणखी काय काय बांधून ठेवलंय ते कुणाला दिसू नये. धाग्याला धागा जुळत होता. फक्त जखमी कोपर कुठे शिवायचा ते त्यांना कळेना, म्हणून तो त्यांनी बाजूला ठेवला.

शनिवारी कारखाना लवकर बंद होई. बंद करण्याआधी एक काम बाई कुणाच्याही हाती देत नसत: तेल. लांब चोचीची तेलदाणी घेऊन त्या नऊही मशिनांपुढून जात, प्रत्येकाच्या ठरलेल्या भोकांत थेंब सोडत, मग सुईखाली चिंधी ठेवून मशीन थोडं चालवत, म्हणजे जास्तीचं तेल चिंधीत उतरे आणि सोमवारी कुणाच्या पांढऱ्या डगल्यावर डाग पडत नसे. तेलही साधं नाही. पाण्यासारखं स्वच्छ, ना वास ना रंग. या कारखान्यात कुठलंही मशीन कधी कुरकुरलं नाही, याचा बाईंना मुलांच्या लग्नांपेक्षा जास्त अभिमान होता. जे किंचाळतं ते कोरडं पडलंय, त्याला तेल घाला. एवढी साधी गोष्ट.

म्हणून तीन आठवड्यांपूर्वी, कुलपं यायच्या आधी, मागच्या अंगणात उभी असलेली ती सायकल ढकलताना चाकातून कीं करून आवाज आला, तेव्हा बाईंनी काही विचार केला नव्हता. चाकाच्या मधे एक पातळ लोखंडी तबकडी होती आणि एका चिमट्यातून ती फिरत होती. आवाज तिथूनच. हातात तेलदाणी होतीच. दोन थेंब पुढे, दोन मागे, चाक फिरवलं, आवाज बंद. कुणाला सांगितलं नाही. सुनेच्या सायकलीची आपण काळजी घेतो असं घरात पसरलं तर उद्या सगळे डोक्यावर बसतील.

आणि या शनिवारी पुन्हा तेच. धाकटीनं सायकल धुण्यासाठी अंगणात आणली होती. धुतली, भिंतीला टेकवली आणि आंघोळीला गेली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा सायकल बिनकुलपाची उभी होती. बाई जवळ गेल्या. खरं तर त्या झडती घ्यायला गेल्या होत्या. बसायच्या जागेखाली एक छोटी पिशवी होती, तीत काय आहे ते बघायला. पिशवीत हवेचा पंप, जखमेवरच्या पट्ट्या आणि एक शिट्टी निघाली. शिट्टी कशाला? कुणाला बोलवायला? पिशवी परत लावताना चाक फिरलं आणि ते असं काही किंचाळलं की बाईंचे दातच शिवशिवले. मागच्या वेळी दोन थेंब कमीच पडले असणार. बाई राग राग करत होत्या, पण राग सुनेवर होता, यंत्रानं काय घोडं मारलं होतं? या वेळी त्यांनी हात आखडता घेतला नाही. पुढे चार, मागे चार, वर चिमट्यालाही एकेक. मग चिंधीनं सगळं पुसून लख्ख केलं.

रविवारी धाकटी साडेसहालाच गेली. बाईंनी पावणेआठपर्यंत दम धरला. मग शाल घेतली, चपला घातल्या आणि थोरलीला "कुठे निघालात?" म्हणायला तोंड उघडायलाही वेळ दिला नाही. सायकलीच्या दांड्यावर एका दुकानाची पट्टी चिकटवलेली त्यांनी काल अक्षर अक्षर लावून वाचली होती. दुकान दोन गल्ल्या सोडून होतं.

दुकान कसलं, मोठी खोली होती. छताला सायकली टांगलेल्या, भिंतीवर पाने मापाप्रमाणे लावलेले, जमिनीवर पुठ्ठा अंथरून त्यावर एक दाढीवाला मांडी घालून बसला होता. हत्यारं जागच्या जागी होती हे बाईंना आवडलं, आणि आवडलं याचा रागही आला.

"या, मावशी. काय हवंय?"

"मावशी कुणाला म्हणतोस? तुझ्या आईला बहीण आहे का माझ्यासारखी?"

दाढीवाला हसला. "बरं, बाई म्हणतो. काय दाखवू?"

"सायकल."

"कुणासाठी?"

"मला काय पाय नाहीत?"

तो उठला. हात पुसत बाईंकडे एकदा नीट बघून घेतलं, पण थट्टा केली नाही. "डोंगरात चालवायची की रस्त्यावर?"

"डोंगरात," बाई म्हणाल्या, कारण त्यांना तिकडेच जायचं होतं. "आमच्या गल्लीतली एक मुलगी जाते. एक्स-रे काढते ती. तिची इथूनच घेतलेली आहे ना?"

"हो तर! फार शिस्तीची आहे ती. हेल्मेटशिवाय अंगणातही बसणार नाही. एकटी कधी जात नाही, एक नर्स असते सोबत. आणि हे बघा." त्यानं भिंतीवरच्या फळ्याकडे बोट केलं.

फळ्यावर एक कागद टाचलेला होता. बाईंनी अक्षर ओळखलं. घरातल्या सामानाच्या याद्या याच अक्षरात येत. वाचायला त्यांना वेळ लागला. दाढीवाल्यानं मधे तोंड घातलं नाही, एवढं बरं. डोंगराचं वेडंवाकडं चित्र, त्यावर वाटेची रेघ. खाली लिहिलेलं: माथ्यावर आठ. उतरायला सुरुवात सव्वाआठ. खाली सव्वानऊ. साडेनऊपर्यंत फोन आला नाही तर शोधायला निघावे.

हाच तो कागद. बाईंनी दोन दिवस ज्याच्यावर आख्खं लफडं बेतलं होतं तो हा.

"हे कशासाठी?" त्यांचा आवाज थोडा खाली आला.

"डोंगरात फोन लागत नाही, बाई. वाटेत कुणी पडलं, पाय मोडला, तर शोधणार कुठे? म्हणून जाताना कुठल्या वाटेनं जातो, कधी परत येतो, हे मागे कुणाजवळ तरी ठेवून जायचं. जवळ शिट्टी ठेवायची. ओरडून घसा बसतो, शिट्टी बसत नाही."

"मग हा कागद घरी ठेवावा. तिला घर नाही का?"

दाढीवाल्यानं पान्याला फडकं गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. बोलू की नको असं त्याचं चाललेलं दिसत होतं. बाई गप्प उभ्या राहिल्या. कारागिराला बोलतं करायचं तर गप्प राहायचं, हे त्यांना चाळीस वर्षांपासून ठाऊक होतं.

"घरी ठेवायचीच पूर्वी, फ्रिजवर लावून," तो शेवटी म्हणाला. फ्रिजवरचे ते कागद बाईंना सामानाच्या याद्याच वाटले होते. "तुम्ही गल्लीतल्या आहात म्हणून सांगतो. तिच्यावर लक्ष ठेवा जरा. तिच्या घरातलं कुणीतरी तिच्या जिवावर उठलंय."

"काय बोलतोस!"

"मी माझ्या हातानं उघडलाय तो ब्रेक. तीन आठवड्यांपूर्वी उतारावर ब्रेक दाबला तर सायकल थांबेचना. नशीब, पहिल्याच वळणावर कळलं. तिनं सायकल मुद्दाम झुडपात घातली, कोपरावर निभावलं. पुढचं वळण कड्याचं आहे. इथे आणली, मी बघतो तर डिस्कवर तेल."

"कशावर?"

त्यानं जवळच्या सायकलीचं चाक फिरवलं आणि मधल्या पातळ तबकडीवर बोट ठेवलं. "ही डिस्क. हे चिमट्यातले दोन पॅड तिला दोन्ही बाजूंनी आवळतात, म्हणून चाक थांबतं. हिला तेलाचा थेंब लागता कामा नये. पॅड तेल पितात आणि मग नुसते घसरतात. आधी किंचाळतात आणि मग धरतच नाहीत. ते फेकून मी नवे घातले. आणि ते तेल साधं नव्हतं, बाई. रंग नाही, वास नाही, दिसूच नये असं. जाणकाराचं काम. मी म्हटलं पोलिसांकडे जा. ती म्हणते, पुरावा काय? पण तिला संशय आहे."

"कुणाचा?"

"सासूचा. बाई फार कडक आहे म्हणे. सगळ्यांसमोर बोललीय, ही सायकल दरीत जाईल म्हणून."

बाईंनी शेजारच्या सायकलीचं हँडल धरलं. काल पुढे चार आणि मागे चार. चिमट्याला एकेक. आणि वर चिंधीनं पुसून लख्ख.

"नवे पॅड किंचाळतात का रे?" त्यांनी विचारलं.

"ओले असले की किंचाळतात. सुकले की आपोआप थांबतं. का?"

"आणि काल संध्याकाळी पुन्हा कुणी तेल घातलं असेल तर?"

"नाही घालणार. ती कुलपात ठेवते."

"मी असेल तर म्हटलं!"

"चढावर कळणार नाही. चढावर ब्रेक लागतो कुठे? उतरताना..." तो थांबला. बाईंच्या तोंडाकडे बघत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात आठला पाच कमी होते.

"तुझ्याकडे गाडी आहे?" बाई म्हणाल्या. "काढ. वरपर्यंत रस्ता आहे ना? काढ लवकर, मेल्या, बघतोस काय असा!"

दुकानासमोर सायकली वाहायचा छोटा टेम्पो उभा होता. दाढीवाल्यानं तो गल्लीबाहेर काढला, धाकटीला फोन लावला, लागला नाही, पुन्हा लावला, फोन समोर टाकून दिला. गाव मागे पडलं आणि चढण सुरू झाली तेव्हा त्याच्या डोक्यात काहीतरी हललं.

"तुम्हाला कसं माहीत काल तेल घातलं ते?"

"मीच घातलं म्हणून."

"तुम्ही तिच्या कोण?"

"सासू."

टेम्पो कचकन थांबला. बाईंचं कपाळ काचेला लागता लागता राहिलं.

"उतरा," दाढीवाला म्हणाला.

"उतरते. मग कुठे किती घातलंय ते तू तुझ्या दाढीला विचार. आणि मला तिला मारायचंच असतं तर मी तुझ्या दुकानात येऊन तुझं व्याख्यान ऐकत बसले असते का? घरी आरामात चहा पीत बसले असते. चालव!"

त्यानं चालवली. पण तिरप्या नजरेनं बघत चालवली. "हात मांडीवर ठेवा," मधेच म्हणाला. "मला दिसतील असे."

चाळीस वर्षांत बाईंना असं कुणी सांगितलं नव्हतं. दुसरी वेळ असती तर त्यांनी मुस्कटात मारायला कमी केलं नसतं. पण त्यांनी दोन्ही हात मांडीवर ठेवले आणि त्यांच्याकडे बघत राहिल्या. उजव्या तर्जनीच्या पेरावर तेलाचा चकचकीतपणा कायमचा मुरलेला होता. जाणकाराचं काम, म्हणे. रस्ता वळत होता, डोंगर डाव्या अंगाला खाली खाली जात होता, आणि बाई प्रत्येक वळणावर काठाकडे बघत होत्या आणि नको तेही बघत होत्या.

माथ्यावर कुणी नव्हतं. सव्वाआठला दोन मिनिटं होती. मातीत चाकांच्या दोन ताज्या रेघा होत्या आणि त्या झाडांमधे उताराकडे गेल्या होत्या.

"गेल्या!" दाढीवाला म्हणाला आणि पळत सुटला.

बाई पळाल्या असं म्हणता यायचं नाही, पण ज्या वेगानं त्या गेल्या त्याला चालणंही म्हणता यायचं नाही. एक चपल वाटेतच राहिली. पायाखाली सुटी खडी, मुळं, वाट जेमतेम हातभर. या असल्यावरून माणसं सायकल नेतात? झाडांच्या पलीकडे वाट थोडी सपाट झाली, आणि तिथे, पहिल्या वळणाच्या अलीकडे, सायकल चाकं वर करून उलटी ठेवलेली होती. शेजारी धाकटी गुडघ्यांवर बसून पांढऱ्या फडक्यानं तबकडी पुसत होती. नर्स फडक्याचं दुसरं टोक उन्हात धरून बघत होती.

बाई एका झाडाला धरून उभ्या राहिल्या. छातीचा भाता खाली वर होत होता. जिवंत आहे. दोन्ही हात, दोन्ही पाय, डोक्यावर हेल्मेट, सगळं जागेवर.

"दहा पावलं चालवून बघते मी नेहमी, उतरायच्या आधी," धाकटी दाढीवाल्याला सांगत होती. "करकचून दाबला तरी चाक फिरतच होतं. पुन्हा तेल आहे रे. काल फक्त पाऊण तास बाहेर होती सायकल. पाऊण तास! आता मी त्या घरात..."

तेवढ्यात तिची नजर झाडाकडे गेली.

ती उठली आणि दोन पावलं मागे सरकली. हातात सायकलीचा पंप होता, तो तिनं छातीशी धरला. नर्स काही न कळताच मधे येऊन उभी राहिली.

बाईंचा घरात धाक होता. सुना त्यांना भितात हे त्या चारचौघांत अभिमानानं सांगत. पण ती भीती म्हणजे दूध उतू गेल्याची, काजं चुकल्याची. ही वेगळी होती. समोरची पोरगी त्यांच्याकडे अशी बघत होती की जणू त्यांच्या हातात कात्री आहे. आणि तीन आठवडे रोज सकाळ संध्याकाळ ती अशीच बघत होती. बाईंनी ते बघितलं होतं आणि त्याला चोरटेपणा असं नाव दिलं होतं.

"तू यांना इथे आणलंस?" धाकटी दाढीवाल्याला म्हणाली. तिचा आवाज फाटला.

"त्यांनीच मला आणलं," तो म्हणाला. "ऐक त्यांचं. मलाही अजून पूर्ण कळलेलं नाही."

"तेल मी घातलं," बाई म्हणाल्या. "दोन्ही वेळा. त्या वेळी दोन दोन थेंब, काल चार चार. वरच्या चिमट्यालाही घातलंय, तो पुसलास का? पुस."



"का, आई?" धाकटीनं विचारलं. "माझं काय चुकलं होतं?"

"किंचाळत होती म्हणून."

"कोण?"

"सायकल! आणखी कोण? किंचाळत होती म्हणजे कोरडी पडली असेल असं मला वाटलं. नऊ मशिनांना घालते, दहाव्यालाही घातलं. मला काय माहीत जगात असंही एक यंत्र आहे, ज्याला तेल घातलं तर माणूस मरतो."

धाकटीच्या हातातला पंप हळूहळू खाली आला. "मशीनचं तेल?" ती पुटपुटली. "शिलाईच्या मशीनचं?" मग ती मटकन दगडावर बसली. हसते की रडते ते तिचं तिलाही कळत नसावं. "मी तीन आठवडे धड झोपले नाही, आई. दाराला आतून खुर्ची लावत होते. तुम्ही म्हणाला होतात ना, दरीत जाईल म्हणून."

"सायकल जाईल म्हणाले होते. तू जाशील असं कधी म्हटलं?"

"सायकलीवर मीच बसते ना!"

बाईंनी अनवाणी पायाला टोचलेला काटा काढला, तो नीट बघितला, फेकला. वळणापलीकडे त्यांना आता कडा दिसत होता. त्याच्या खाली काहीच दिसत नव्हतं. दाढीवाला गुपचूप सायकलीपाशी बसून चिमटा सोडवायला लागला होता, पॅड फेकूनच द्यावे लागतील असं स्वतःशीच म्हणत.

बाई धाकटीसमोर येऊन उभ्या राहिल्या. नर्स अजून मधेच होती. तिला त्यांनी हातानं बाजूला केलं.

"चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "हे मी एकदाच म्हणणार, नीट ऐकून घे, पुन्हा सांगायला लावू नकोस. ज्या यंत्रातलं मला कळत नाही त्याला मी चोरून हात लावला, आणि तू कुणाबरोबर पळून चालली आहेस असं समजून गावभर तुझ्या मागावर फिरले. लाज वाटायची ती मला वाटते आहे. आता तुझं ऐक. सासू जिवावर उठलीय असं तुला वाटत होतं, आणि तीन आठवडे तू तिनंच वाढलेलं जेवलीस, तिनंच केलेला चहा प्यायलीस. या दाढीवाल्याला सांगितलंस, या नर्सला सांगितलंस, कुलपं आणलीस, खुर्च्या लावल्यास. फक्त माझ्यासमोर उभं राहून 'आई, तेल तुम्ही घातलंत का' एवढं विचारलं नाहीस. विचारलं असतंस तर मी तेव्हाच हो म्हटलं असतं, वर किती थेंब तेही सांगितलं असतं, आणि काल दुसऱ्यांदा घातलं नसतं. डोंगरात तुझ्याएवढी शहाणी मी बघितली नाही, पोरी. पण घरात तू ठार वेडी आहेस, आणि हे मी खाली गेल्यावर थोरलीसमोरही म्हणणार."